नोकऱ्यांवरच्या भाषणावर प्रतिक्रिया लिहायची आहे? आधी एवढी कामं करा

पंतप्रधानांचं भाषण संपलं की तासाभरात दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरू लागतात. एकीत आकडा उचलून त्यापुढे टाळ्या, दुसरीत तोच आकडा उचलून त्यापुढे 'जुमला'. तो आकडा नेमका कशाचा, हे दोघांनीही पाहिलेलं नसतं. कॉलेजचं भित्तिपत्रक, वर्तमानपत्रातलं वाचकांचं पत्र, स्पर्धा परीक्षेचा निबंध किंवा गावचा व्हॉट्सॲप गट, यांपैकी कुठेही आठ दिवसांनीही खोटं ठरणार नाही असं काही लिहायचं असेल, तर पुढची रीत उपयोगी पडेल. पहिल्यांदा तीन तास लागतील, नंतर तासाभरात होतं.

उदाहरण म्हणून १५ ऑगस्ट २०२५ चं लाल किल्ल्यावरचं भाषण घेऊ. ते १०३ मिनिटांचं होतं. नोकऱ्यांपुरता मुद्दा असा: प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना, खर्च एक लाख कोटी रुपये, सुमारे साडेतीन कोटी तरुणांना लाभ, आणि खासगी क्षेत्रात पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला १५,००० रुपये.

मूळ मजकूर मिळवा

पूर्ण मजकूर पंतप्रधान कार्यालयाच्या आणि पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) संकेतस्थळांवर येतो. पीआयबीची प्रसिद्धिपत्रकं मराठीतही निघतात, पण भाषण हिंदीत झालं असेल तर हिंदी मजकूरच प्रमाण माना. लाल किल्ल्यावरचं भाषण वाचून न दाखवता बोलून केलेलं असतं, त्यामुळे लेखी मजकूर यायला वेळ लागतो. तोवर पूर्ण चित्रीकरण लावून ज्या वाक्यावर लिहायचं आहे ते कितव्या मिनिटाला आलं, हे टिपून ठेवा. अर्थसंकल्पाच्या भाषणाचं काम सोपं आहे. त्याची परिच्छेदांना क्रमांक दिलेली छापील प्रत त्याच दिवशी मिळते.

तीस सेकंदांच्या क्लिपवर विसंबलात तर वाक्याची टोकं हमखास तुटतात. 'जवळपास', 'येत्या दोन वर्षांत', 'संधी' हे शब्द गळतात आणि 'दोन वर्षांत साडेतीन कोटींना संधी' याचं 'साडेतीन कोटी नोकऱ्या दिल्या' होऊन जातं. वर्तमानपत्राच्या मथळ्यातही हेच होतं, कारण मथळ्यात जागा कमी असते.

वाक्यं चार रकान्यांत वाटा

कागदावर चार रकाने आखा: झालेलं, सुरू असलेलं, पुढे होणार असलेलं, आणि आवाहन. अर्थव्यवस्थेबद्दलचं प्रत्येक वाक्य यांपैकी एकात टाका. हे कंटाळवाणं काम आहे, पण प्रत्येक रकान्याची तपासणी वेगळी असल्यामुळे ते टाळता येत नाही.

रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून लागू होती, म्हणून ती 'सुरू असलेलं' मध्ये जाते. दिवाळीपर्यंत जीएसटीत सुधारणा आणि वर्षअखेरपर्यंत भारतात बनलेल्या सेमीकंडक्टर चिप बाजारात, ही दोन्ही वाक्यं 'पुढे होणार' मध्ये बसतात आणि दोन्हींना मुदत आहे. स्वदेशी वापरा हे आवाहन. त्याला खरं-खोटं लावता येत नाही. फार तर ते पटलं की नाही एवढंच लिहिता येतं. नवखे लोक निम्मी शक्ती या चौथ्या रकान्यावरच घालवतात.

मुदत असलेल्या वाक्यापुढे लगेच लिहा: निर्णय कोणाच्या हातात आहे? जीएसटीचे दर पंतप्रधान एकटे ठरवत नाहीत. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश वजन असतं, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. इथे परिषदेची बैठक ३ सप्टेंबरला सुरू झाली आणि ५, १८ व ४० टक्क्यांचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, म्हणजे दिवाळीच्या आधी. भाषणानंतर लगेच 'हे होणारच नाही' असं लिहून मोकळे झालेल्यांची त्यामुळे पंचाईत झाली. हे आश्वासन पाळलं गेलं, तेव्हा तसं स्पष्ट लिहावं.

घोषणेची जन्मतारीख शोधा

भाषणातली बरीच मोठी वाक्यं त्या दिवशी जन्मलेली नसतात. रोजगार योजनेचा माग काढू. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच योजनांचं एक पॅकेज जाहीर झालं: पाच वर्षांत ४.१ कोटी तरुण, केंद्राची तरतूद २ लाख कोटी रुपये. नोकरीशी जोडलेलं प्रोत्साहन हा त्याच पॅकेजचा भाग. १ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली: खर्च ९९,४४६ कोटी, दोन वर्षांत साडेतीन कोटींहून जास्त रोजगारांना प्रोत्साहन. मग नाव बदललं, १ ऑगस्टला योजना सुरू झाली आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून ती देशाला सांगितली गेली.

म्हणजे भाषणातले 'एक लाख कोटी' हे मंजूर ९९,४४६ कोटींचंच पूर्णांकात सांगितलेलं रूप. ती नवी रक्कम नव्हे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बेरीज: २०२४ चे ४.१ कोटी अधिक २०२५ चे साडेतीन कोटी. एकच योजना दोनदा मोजली जाते, आणि अशी बेरीज समर्थकही करतात, विरोधकही.

पायाभूत सुविधांचंही असंच झालं होतं. २०१९ च्या १५ ऑगस्टला १०० लाख कोटींची गुंतवणूक, २०२० ला ११० लाख कोटींची राष्ट्रीय पायाभूत सुविधा पाइपलाइन आणि २०२१ ला १०० लाख कोटींची गतिशक्ती योजना. लागोपाठ तीन वर्षं जवळपास तोच आकडा. म्हणून मागच्या किमान तीन भाषणांचे मजकूर उघडा आणि त्यांत 'लाख कोटी', 'कोटी युवा' हे शब्द शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. जुनी घोषणा पुन्हा सांगणं हा गुन्हा नव्हे, पण तुमच्या प्रतिक्रियेत तिला 'नवी' म्हणणं ही चूक ठरेल.

योजनेचे नियम वाचा आणि भागाकार करा

मंत्रिमंडळाच्या निर्णयाचं प्रसिद्धिपत्रक दोन-तीन पानांचं असतं. भाषणात न सांगितलेलं बहुतेक सगळं तिथे सापडतं. या योजनेचे दोन भाग आहेत.

पहिला भाग कर्मचाऱ्यासाठी. तो भविष्य निर्वाह निधी संघटनेत (ईपीएफओ) पहिल्यांदाच नोंदला गेलेला हवा आणि पगार महिना एक लाखापर्यंत हवा. मिळणारी रक्कम म्हणजे एका महिन्याचं पीएफसाठी धरलेलं वेतन, कमाल १५,००० रुपये. हे वेतन म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, हातात येणारा एकूण पगार नव्हे. पीएफचं वेतन ११,००० असेल तर ११,००० मिळतील. तेही दोन हप्त्यांत: पहिला सहा महिने नोकरी टिकल्यावर, दुसरा बारा महिने पूर्ण झाल्यावर आणि आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम केल्यावर. त्यातला काही भाग ठरावीक काळ बचतीत अडकवून ठेवला जातो.

दुसरा भाग मालकासाठी. वाढीव प्रत्येक कर्मचाऱ्यामागे पीएफ वेतन १०,००० पर्यंत असेल तर महिना १,००० पर्यंत, १०,००० च्या वर २०,००० पर्यंत २,०००, आणि त्याहून जास्त असेल तर ३,००० रुपये, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला आणखी दोन वर्षं. अट अशी की ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेने किमान दोन आणि ५० किंवा जास्त असलेल्यांनी किमान पाच माणसं वाढवायची, आणि ती सहा महिने तरी टिकली पाहिजेत.

आता भागाकार. ९९,४४६ कोटी भागिले साडेतीन कोटी म्हणजे एका रोजगारामागे सुमारे २८,४०० रुपये. हा एकच आकडा लिहिलात तरी 'एक लाख कोटी' वाचून डोळे दिपलेला वाचक जमिनीवर येतो. आणखी खोलात जायचं तर सरकारचा अंदाज आहे की साडेतीन कोटींपैकी १.९२ कोटी पहिल्यांदाच नोकरीला लागणारे असतील. त्यांना प्रत्येकी पूर्ण १५,००० दिले तर २८,८०० कोटी होतात. उरतात सुमारे ७०,६०० कोटी. मालकांच्या भागात २.६० कोटी वाढीव कर्मचारी धरले आहेत, म्हणजे माणशी साधारण २७,००० रुपये. महिना २,००० च्या दराने ही रक्कम साडेतेरा महिने पुरते, ३,००० च्या दराने नऊ महिने. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसते: प्रत्येक जागा कमी पगाराची नसेल तर तरतूद पूर्ण दोन वर्षं टिकणाऱ्या नोकऱ्या गृहीत धरून केलेली नाही. ही टीका आहे आणि ती आकड्यांवर उभी आहे. 'जुमला' म्हणण्यापेक्षा ती खोडून काढणं अवघड जातं.

सावध राहा: १.९२ आणि २.६० यांची बेरीज ४.५२ होते, साडेतीन होत नाही. कारण एकच माणूस दोन्ही भागांत येऊ शकतो. हा फरक पाहून 'सरकारी आकडेच चुकले' असं लिहिणारे फसतात.

याच ठिकाणी आणखी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो बहुतेकांकडून राहून जातो. अनुदान नसतं तरी यांपैकी किती जागा भरल्या गेल्याच असत्या? ईपीएफओच्या नोंदींत २०२३-२४ मध्ये निव्वळ १.३१ कोटी सदस्य वाढले, या योजनेशिवाय. योजनेचं लक्ष्य वर्षाला पावणेदोन कोटींचं. आणि २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात म्हटलं होतं की शेतीबाहेर वर्षाला सुमारे ७८.५ लाख नोकऱ्या तयार व्हायला हव्यात. लक्ष्य गरजेच्या दुपटीहून जास्त दिसतं, म्हणून खुशीत येऊ नका. 'प्रोत्साहन मिळालेली नोकरी' आणि 'नव्याने निर्माण झालेली नोकरी' या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, एवढंच त्यातून कळतं.

आकडा कशाचा? माणसं, खाती, पत्रं की अंदाज

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको. भाषणातल्या रोजगाराच्या आकड्यापुढे नेहमी लिहा: हे काय मोजलं?

पहिला स्रोत म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, पीएलएफएस. सांख्यिकी मंत्रालय ते २०१७ पासून करतं. घरोघरी जाऊन विचारलं जातं. यात बेरोजगारी दोन तऱ्हांनी मोजतात. 'नेहमीची स्थिती' मागच्या ३६५ दिवसांवर ठरते. वर्षातला बराच काळ काम नसलं तरी पूरक काम तीसेक दिवस केलेला माणूस कामकरी धरला जातो. 'चालू साप्ताहिक स्थिती' मागच्या सात दिवसांवर ठरते. त्यात कुठल्याही दिवशी एक तास काम केलं तरी तो कामकरी. एकाच २०२३-२४ च्या अहवालात १५ वर्षांवरील लोकांची बेरोजगारी पहिल्या पद्धतीने ३.२ टक्के आणि दुसऱ्या पद्धतीने ४.९ टक्के आहे.

आता सापळा पाहा. २०२५ पासून हे सर्वेक्षण दर महिन्याला आकडे देऊ लागलं, साप्ताहिक पद्धतीने. पहिला आकडा एप्रिल २०२५ चा, ५.१ टक्के. कोणी ३.२ च्या शेजारी ५.१ ठेवून 'वर्षभरात बेरोजगारी दोन टक्क्यांनी भडकली' असं लिहिलं तर ते चुकीचं, कारण मोजपट्टीच बदलली आहे. उलट बाजूने, जुना साप्ताहिक आकडा आणि नवा 'नेहमीच्या स्थिती'चा आकडा घेऊन घट दाखवणारेही असतात. मुंबईची सीएमआयई ही खासगी संस्थाही बेरोजगारीचा दर काढते. तिची व्याख्या निराळी, म्हणून तिचा आकडाही निराळा. एका मालिकेत सुरुवात केलीत तर शेवटपर्यंत त्याच मालिकेत राहा.

नुसता बेरोजगारीचा दर लिहून थांबू नका. त्याच अहवालात कामाचा प्रकार दिलेला असतो. २०१७-१८ मध्ये कामकऱ्यांपैकी ५२.२ टक्के स्वयंरोजगारात होते, २०२३-२४ मध्ये ५८.४ टक्के. नियमित पगारी २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आले. शेतीतला वाटा ४४.१ वरून ४६.१ टक्क्यांवर गेला. स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर पोहोचला. हे शेवटचं वाक्य भाषणात येतं, आधीची तीन सहसा येत नाहीत. स्वयंरोजगारात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हात लावणारेही मोजतात. चारही आकडे एकत्र ठेवलेत की चित्र पूर्ण होतं: काम करणारे वाढले, पण पगाराचं काम त्या वेगाने वाढलं नाही.

दुसरा स्रोत रिझर्व्ह बँकेची केएलईएमएस नावाची, उत्पादकता आणि रोजगाराची माहिती. १३ जुलै २०२४ रोजी मुंबईत गोरेगावला झालेल्या भाषणात पंतप्रधानांनी रिझर्व्ह बँकेच्या हवाल्याने सांगितलं होतं की तीन-चार वर्षांत सुमारे आठ कोटी नवे रोजगार निर्माण झाले. आकडा त्या माहितीशी जुळतो, आणि त्यातली ४.६६ कोटींची वाढ एकट्या शेवटच्या वर्षातली आहे: २०२२-२३ मध्ये ५९.६७ कोटी कामकरी, २०२३-२४ मध्ये ६४.३३ कोटी. पण हे वेगळं सर्वेक्षण नव्हे. पीएलएफएसमधलं प्रमाण घ्यायचं आणि त्याला अंदाजे लोकसंख्येने गुणायचं, अशी ती रीत. लोकसंख्येचा अंदाज २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. शिवाय शेतातली बिनपगारी मदत यातही 'रोजगार' आहे. तेव्हा 'पंतप्रधान खोटं बोलले' असं लिहू नका, आणि 'आठ कोटी नोकऱ्या लागल्या' असंही लिहू नका. 'आठ कोटी कामकरी वाढल्याचा अंदाज' हे बरोबर.

तिसरा स्रोत ईपीएफओचे मासिक आकडे. नवे सदस्य अधिक परत आलेले वजा सोडून गेलेले. कायदा सर्वसाधारणपणे २० माणसांच्या आस्थापनेला लागू होतो. चाकणच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये १९ कामगार आहेत आणि मालकाने आणखी एक घेतला, तर नोंदीत २० दिसतील. नोकरी एक वाढली, कागदावर वीस. त्या एकोणीस जणांना पीएफ मिळू लागला ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिला रोजगारनिर्मिती म्हणता येत नाही. रोजगार योजनेतला 'पहिल्यांदाच' हा शब्दही याच नोंदीवरून ठरतो: पाच वर्षं पीएफशिवाय दुकानात राबलेला माणूस इथे नवखाच. शिवाय हे आकडे तात्पुरते असतात, पुढे दुरुस्त होतात. ताज्या महिन्यावर मोठा निष्कर्ष काढू नका.

चौथा प्रकार कर्ज आणि पत्रं. मुद्रा योजनेच्या दहा वर्षांत, एप्रिल २०२५ पर्यंत, ५२ कोटींहून जास्त कर्जं आणि ३२ लाख कोटींहून जास्त रक्कम. भागाकार केला तर सरासरी कर्ज साधारण ६२,००० रुपये. एकच माणूस दोन-तीनदा कर्ज घेतो, म्हणून ५२ कोटी माणसं नव्हेत, आणि ५२ कोटी धंदे तर नव्हेतच. ऑक्टोबर २०२२ पासूनच्या रोजगार मेळाव्यांत वाटली जातात ती नियुक्तीपत्रं बव्हंशी आधीपासून मंजूर असलेल्या रिकाम्या जागांची. पत्र मिळालेल्या घरात आनंद खराच. अर्थव्यवस्थेत जागा मात्र वाढली नाही, भरली गेली.

हीच चाळणी विरोधकांच्या भाषणालाही लावा. २०२४ च्या काँग्रेसच्या जाहीरनाम्यात केंद्रातल्या जवळपास ३० लाख रिक्त जागा भरण्याचं आश्वासन होतं. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार १ मार्च २०२१ रोजी केंद्राच्या मंत्रालयांत आणि विभागांत ४०.३५ लाख मंजूर पदांपैकी ९.७९ लाख रिक्त होती. उरलेल्या वीस लाखांत नेमकं काय धरलं होतं, हा प्रश्न विचारणंही तुमचंच काम. एकाच बाजूला तपासाल तर दुसऱ्या दिवसापासून तुमचं लिखाण कोणी तपासूनही पाहणार नाही.

वाढीचा दर: थोडक्यात

जीडीपीच्या वाक्यावर दोनच प्रश्न. महागाई वजा करून की धरून? २०२४-२५ साठी मे २०२५ च्या अंदाजात स्थिर किमतींना, म्हणजे महागाई वजा करून, वाढ ६.५ टक्के; चालू किमतींना, म्हणजे महागाई धरून, ९.८ टक्के. भाषणात दोन्ही सोयीने येतात.

दुसरा, कशाच्या तुलनेत? एप्रिल-जून २०२० मध्ये जीडीपी २४.४ टक्क्यांनी घसरला; पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत पहिल्या अंदाजाप्रमाणे २०.१ टक्क्यांनी वाढला. शंभराचे ७५.६ झाले आणि त्यावर २०.१ टक्के म्हणजे ९०.८. विक्रमी वाढीच्या त्या तिमाहीत देश दोन वर्षांपूर्वीच्या पातळीच्या नऊ टक्के खाली होता.

'चौथी मोठी अर्थव्यवस्था' हे वाक्य आलं तर लिहा की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एप्रिल २०२५ च्या अहवालात तो २०२५ साठीचा अंदाज होता आणि जपानशी फरक एक अब्ज डॉलरपेक्षाही कमी होता. त्याच अहवालात दरडोई उत्पन्न आपलं सुमारे २,९०० डॉलर, जपानचं ३४,००० च्या आसपास.

पैसे सुटले का, माणसं रुजू झाली का

वर्षभरापूर्वीच्या घोषणेवर लिहायचं असेल तर अर्थसंकल्पाची खर्चाची कागदपत्रं उघडा. प्रत्येक योजनेपुढे अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. वर्षाच्या सुरुवातीचा आकडा भाषणात येतो; फेब्रुवारीतला सुधारित आकडा कोणी वाचून दाखवत नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना याचा नमुना आहे. घोषणा: पाच वर्षांत ५०० मोठ्या कंपन्यांत एक कोटी तरुण, महिना ५,००० रुपये. २०२४-२५ साठी तरतूद २,००० कोटी, सुधारित अंदाज ३८० कोटी. पहिल्या फेरीत कंपन्यांनी सव्वा लाखाहून जास्त जागा दिल्या, ८२ हजारांवर प्रस्ताव गेले, २८ हजारांवर उमेदवारांनी स्वीकारले आणि रुजू झाले नऊ हजारांच्याही आत. जागा, प्रस्ताव, होकार, हजेरी: चार वेगळे आकडे, आणि मंचावरून बोलणारा त्यांतला पहिलाच सांगतो.

असे तपशील लोकसभा आणि राज्यसभेतल्या प्रश्नोत्तरांत सापडतात. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि विषयानुसार शोधता येतात. तिथे नसेल तर माहिती अधिकारात केंद्राकडे ऑनलाइन अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात 'किती लाभ झाला' असं मोघम विचारू नका. 'अमुक तारखेपर्यंत, अमुक जिल्ह्यात, पहिला हप्ता जमा झालेल्या व्यक्तींची संख्या' असं विचारा. मोघम प्रश्नाला उत्तर म्हणून योजनेचं माहितीपत्रक पाठवून दिलं जातं.

महाराष्ट्रातल्या घोषणांनाही हेच लागू. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवीधर यांना अनुक्रमे महिना ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ते प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला राज्याने १५ लाख कोटींहून जास्त रकमेचे सामंजस्य करार केले. करारानंतर भूखंड, पर्यावरण मंजुरी, बांधकाम, यंत्रं आणि मग भरती असा क्रम असतो. प्रतिक्रिया लिहिताना प्रकल्प यांतल्या कुठल्या टप्प्यावर आहे तेवढंच सांगा. भूखंड वाटप झालं का, हे एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात विचारता येतं.

आता लिहा

एका प्रतिक्रियेत एकच दावा घ्या. अडीचशे शब्द पुरतात. आधी दावा जसा केला तसा, मग तो कशाचा आकडा आहे, मग त्यातलं काय बरोबर, काय सुटलं, आणि शेवटी कधी कळेल. स्वतःचं मत जरूर लिहा, फक्त ते मत आहे हे वाक्यावरून दिसू द्या. नमुना:

'साडेतीन कोटी तरुणांसाठी एक लाख कोटींची योजना १५ ऑगस्टला सांगितली गेली. ती नवी नाही: २०२४ च्या अर्थसंकल्पात तिचं सूतोवाच झालं, १ जुलै २०२५ ला मंजुरी मिळाली. रोजगारामागे सरासरी २८,४०० रुपये पडतात. पैसा थेट पीएफ नोंदीशी जोडला आहे, त्यामुळे कामगार कागदावर येतील, हा मोठा फायदा. पण अनुदान नसतं तरी भरल्या गेलेल्या जागा वेगळ्या कशा काढणार, हे सांगितलेलं नाही. आमच्या मते योजनेचं यश नोंदणीच्या आकड्यावर न मोजता, अनुदान थांबल्यावर किती जण त्याच नोकरीत राहिले यावर मोजावं.'

यात बरं-वाईट ठरवणारं विशेषण एकच आहे, 'मोठा', आणि तेही कौतुकाच्या बाजूचं. लाख कोटीचा आकडा लिहिताना शून्यं मोजत बसू नका. एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन, पण रुपयांत. इंग्रजी बातमीतला ट्रिलियन बऱ्याचदा डॉलरचा असतो आणि मराठीत येताना चलन हरवतं, हा घोळ छापील वर्तमानपत्रांतही दिसतो. टक्के आणि टक्केबिंदू यांतही गल्लत नको: २३.३ वरून ४१.७ ही वाढ १८.४ टक्केबिंदूंची.

चूक सापडली तर पोस्ट गुपचूप पुसू नका. खाली तारीख घालून दुरुस्ती जोडा.

पुढच्या तारखा वहीत घाला

पीएलएफएसचा मासिक आकडा साधारण १५ तारखेला येतो. ईपीएफओचा महिन्याच्या उत्तरार्धात, आणि तो दोन महिन्यांपूर्वीचा असतो. जीडीपीचे तिमाही आकडे ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे यांच्या अखेरीस. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला.

रोजगार योजनेपुरतं: १ ऑगस्ट २०२५ ला रुजू झालेल्याचे सहा महिने जानेवारी २०२६ अखेर पूर्ण होतात, म्हणून त्याआधी 'एक रुपयाही मिळाला नाही' ही टीका आणि 'लाखोंना लाभ' ही जाहिरात, दोन्ही निराधार. दुसरा हप्ता ऑगस्ट २०२६ पासून पुढे. योजनेत बसणाऱ्या नोकऱ्यांची शेवटची तारीख ३१ जुलै २०२७. त्या दिवशी लागलेल्या कामगाराच्या मालकाचं दोन वर्षांचं अनुदान जुलै २०२९ मध्ये संपेल, आणि कारखाना असेल तर जुलै २०३१ मध्ये.